दोन तास दहा मिनिटे

"हा ठिपका काढून टाकू या," असे म्हणून मॅडमनी आलेखावरच्या एका ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल केला.

गोल हलक्या हातानेच केला होता. तरी भिंगकाकांना तो वहीत लाल शेरा मिळाल्यासारखा वाटला. टेबलावर मोठा चौकटींचा कागद पसरलेला होता. त्यावर अकरा ठिपके होते. दहा ठिपके झोळीच्या दोरीसारखे मधे खाली झुकलेले होते. अकरावा, बरोबर मधला, एकटाच वर, कागदाच्या माथ्याजवळ जाऊन बसला होता.

"तुमच्यावर शंका नाही माझी, काका," मॅडम म्हणाल्या. "पण तारीख बघा ना. त्या आठवड्यात तुम्ही कामावर यायलाच नको होतं. कोणाचंही झालं असतं असं."

भिंगकाकांनी तारीख पाहिली. पाहायची गरज नव्हती. बायको गेल्यावर पाचव्या दिवशी ते कामावर आले होते. घरात बसून करायचे काय, हा प्रश्न होता. त्याच दिवसाचा हा आकडा होता.

"हिने तोच नमुना चारदा करून पाहिला," मॅडमनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे बोट केले. "चारही वेळा एकोणनव्वद अंश. तुमच्या वहीत एकशे एक्कावन्न."

मुलगी खाली बघत होती. चार वर्षे तिने या एका विषयावर काढली होती आणि आता प्रबंध द्यायला दोन महिने राहिले होते. ती हळूच म्हणाली, "काका, माझ्याच हातून काहीतरी राहत असेल."

"चारदा राहील का गं?" काका म्हणाले. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "खोडायचं तर खोडा. फक्त शुक्रवारपर्यंत थांबा."

मॅडमनी पेन्सिल कानामागे अडकवली. "थांबते," त्या म्हणाल्या.

भिंगकाकांचे खरे नाव फक्त हजेरीपटात होते. एकोणतीस वर्षे ते या प्रयोगशाळेत एकाच मायक्रोस्कोपपुढे बसत आले होते, म्हणून भिंगकाका. शिक्षण बेताचे. पण सबंध इमारतीत त्यांच्या वहीची साक्ष काढली जायची. वहीत खाडाखोड नाही, आकडा गिरवलेला नाही. दोन मोठे प्राध्यापक हमरीतुमरीवर आले की कोणीतरी म्हणायचे, "काकांची वही आणा." वही आली की भांडण मिटायचे. आता पुढच्या महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते, आणि जाता जाता त्या वहीत पहिली चूक निघाली होती.

त्यांचे काम काय, हे त्यांनी एकदा बायकोला समजावून दिले होते. तिने विचारले होते, "अहो, दिवसभर त्या नळीत डोळा घालून बघता तरी काय?" काकांनी फडताळातून चार बशा काढल्या आणि ओट्यावर एकीवर एक ठेवल्या.

"ही एक बशी म्हणजे एक रेणू समज. चपटा, गोल. हे पदार्थ तापवले की धड घट्ट नाहीत, धड पातळ नाहीत, असे होतात. तेव्हा त्यांचे रेणू असे एकावर एक चढून उतरंड करतात. त्या उतरंडीतून वीज जाते. जिन्यातून माणूस उतरतो ना, तशी."

"आणि उतरंड मोडली की?"

"जिना मोडला. वीज अडकली. अजून तापवलं की मोडतेच. किती अंशांना मोडते तेवढं मी बघतो आणि लिहितो."

"मोडायची वाट बघायचा पगार मिळतो म्हणा की," ती म्हणाली होती.

पुढे मॅडमनी दोन जातींचे रेणू एकत्र करायचे ठरवले. एक जात विजेचे कण देणारी, दुसरी घेणारी. दोघांची मिळून उतरंड झाली तर त्याचा पातळ पापुद्रा करून दिव्यांना, उन्हावर वीज करणाऱ्या पत्र्यांना वापरता येईल, असा विचार होता. हे ऐकल्यावर बायकोने स्वतःच फडताळ उघडले. त्यांच्या घरात दोन जातींच्या बशा होत्या. पांढऱ्या तिने आणलेल्या, निळ्या काठाच्या सासूच्या. "नुसत्या पांढऱ्या ठेवल्या की डुगडुगतात," ती म्हणाली. "नुसत्या निळ्या ठेवल्या की घसरतात. एकाआड एक ठेवल्या की गप्प बसतात. मला हे केव्हाचं ठाऊक आहे. तुमच्या मॅडमना सांगा."

काकांनी सांगितले. मॅडम खूप हसल्या होत्या. मग चार वर्षे प्रयोग करूनही बशांसारखे काही झाले नाही. पिवळा पदार्थ एकटा एकशे चारला मोडायचा, पांढरा एकशे एकवीसला. दोघे एकत्र केले की नव्वदच्या आसपास; दोघांच्या एकेका प्रमाणाचा आलेखावर एकेक ठिपका. मिसळून दोघांचीही पत घसरली. पापुद्रा करायच्या यंत्रातच एकशे तीस अंशांची धग असते. तिथे नव्वदला मोडणारी उतरंड काय कामाची? मुलीच्या चार वर्षांचे सार एवढेच निघणार होते की हे मिश्रण निरुपयोगी आहे. तो एक वरचा ठिपका तेवढा वेगळे बोलत होता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दूर राहायची.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"भाजी."

"कसली भाजी?"

काकांनी पातेल्यात डोकावून पाहिले. "हिरवी होती," ते म्हणाले. "आता जरा काळी आहे."

लेक हसली. "तुमचा आवाज असा का येतोय?"

त्यांनी ठिपक्याची हकीकत सांगितली. लेकीने सगळे ऐकून घेतले. "आई काय म्हणाली असती माहितीये? चूक असेल तर चूक म्हणा आणि हात धुऊन पानावर बसा."

"तेच म्हणाली असती," काकांनी कबूल केले. "पण मला ती चूक आठवतच नाही ना. न आठवणारी चूक कशी कबूल करायची?"

खरेच आठवत नव्हते. त्या दिवसाचे त्यांच्याकडे फार थोडे शिल्लक होते. पायात दोन वेगळे मोजे होते, ते आठवत होते. आणि भिंगाखाली तांबूस रंगाचे, हातपंख्यासारखे पसरलेले आकार दिसल्यासारखे आठवत होते. पण या मिश्रणात तांबूस रंग कधी येत नाही. पिवळट येतो, राखाडी येतो. तो तांबूसपणा आपल्याच डोळ्यांचा असेल, असे धरून त्यांनी तो वहीतही लिहिला नव्हता.

फोन ठेवून ते बशा विसळायला लागले. आता एकच बशी असायची. ती पुसून त्यांनी फडताळात ठेवली. निळी होती, म्हणून पांढरीवर ठेवली.

गुरुवारी सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवले. हा पहारेकरी जिभेला हाड नसलेला, पण मनाने सरळ होता.

"ऐकलं ते खरं का, काका? तुमच्या वहीत म्हणे गडबड निघाली."

"भिंतींना कान आहेत तुमच्या."

"भिंतींना कशाला, मलाच आहेत की दोन. पण एक बोलू? कुठल्या दिवसाची गडबड ते कळल्यावर मला नवल नाही वाटलं. त्या दिवशी तुमच्यापायी माझ्या वहीत पण शेरा पडलाय."

काका थांबले. "कसला शेरा?"

"साहेब म्हणाले, खोली उशिरापर्यंत चालू का होती? मी काय सांगणार? दिवे घालवायला सहाला वर आलो, तर तुम्ही शेगडीपुढे बसलेले. हाक मारली. ओ नाही दिलीत. म्हटलं, बसू दे माणसाला. परत आलो तर तसेच. हात पण हलला नव्हता. तेव्हा खांद्याला हात लावला, तर म्हणालात, 'हो हो, एवढा आकडा घेतो.' आणि मग कुठे ते बटण फिरवलंत."

नमुना तापवायच्या छोट्या भट्टीला प्रयोगशाळेत सगळे शेगडीच म्हणत.

"परत आलात ते किती वाजता?" काकांनी विचारले.

पहारेकऱ्याने कपाटातून जुनी वही काढली, थुंकी लावून पाने उलटली आणि बोट ठेवले. "सहा पंचावन्न, खोली चालू. सात पस्तीस, कुलूप. माझ्या वहीतही खाडाखोड नसते, काका."

काका तिथेच फाटकातल्या स्टुलावर बसले. आता त्यांना सगळे दिसायला लागले.

त्यांची एक पद्धत होती. शेगडी मिनिटाला दोन अंशांनी चढवायची, आणि उतरंड मोडायच्या जरा आधी, पंच्याऐंशीला, क्षणभर थांबायचे. डोळा पुसायचा, बैठक नीट करायची, मग पुढे जायचे. दिवसातल्या शेवटच्या नमुन्याला मात्र ते पंच्याऐंशीला थांबून फोनची वाट बघायचे. रोज पावणेपाचला बायको फोन करायची. एकच घंटी द्यायची आणि ठेवायची. उचलायचा नाही, असे ठरलेले होते. त्याचा अर्थ एवढाच की आता आवरा, निघा. घंटी वाजली की काका स्वतःशीच "निघालो" म्हणायचे, शेवटचा आकडा घ्यायचे आणि भिंगावर झाकण घालायचे. इतकी वर्षे सबंध मजला त्या घंटीवर घड्याळ लावायचा.

त्या दिवशी त्यांनी शेवटचा नमुना पावणेपाचला पंच्याऐंशी अंशांवर आणून ठेवला होता, आणि सवयीने फोनची वाट बघत बसले होते.

पावणेपाच ते सहा पंचावन्न. दोन तास दहा मिनिटे.

मॅडमच्या खोलीत मुलगी होतीच. काका दारातच उभे राहिले. त्यांना खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"माझी चूक सापडली," ते म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला. "अहो काका, मी म्हटलं ना, मनाला लावून घेऊ नका. आकडा वाचण्यात—"

"आकडा बरोबर आहे. चूक दुसरीच आहे. त्या दिवशी नमुना शेगडीवर ठेवून मी दोन तास दहा मिनिटं नुसता बसून होतो. पंच्याऐंशीवर. मला भान नव्हतं. आणि वहीत तसं लिहिलं नाही." त्यांनी मुलीकडे पाहिले. "गेल्या महिन्यात शेगडी चालू ठेवून तू फोनवर बोलत होतीस म्हणून मी तुला फाडून खाल्लं होतं. ते परत घेतो."

"नका घेऊ," मुलगी म्हणाली. "मी बोलतच होते." आणि मग ती एकदम सरळ उभी राहिली. "काका, पंच्याऐंशीवर? म्हणजे मोडायच्या चार अंश आधी, दोन तास?"

"हो."

"आम्ही कोणी तिथे मिनिटभरसुद्धा थांबलेलो नाही, मॅडम. कधीच नाही."

मॅडमनी पेन्सिल उचलली. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर गोल गोल चकत्या काढायला सुरुवात केली. एक भरलेली, एक रिकामी. "घाईघाईने तापवलं की दोन्ही जाती जशा मिसळल्या तशाच, कुठेही कशाही बसतात," त्या जणू स्वतःलाच सांगत होत्या. "अशी उतरंड लवकर मोडणारच. पण मोडायच्या जरा आधी रेणू सैल असतात. तिथे वेळ मिळाला, तर सरकून सरकून एकाआड एक बसतील. देणारा, घेणारा, देणारा, घेणारा. मग दोघंही एकमेकांना धरून ठेवतील." त्यांनी वर पाहिले. "काका, रंग कसा होता? आठवतो?"

"तांबूस," काका म्हणाले. "मला वाटलं, माझेच डोळे."

"देणारा आणि घेणारा शेजारी बसले की रंग बदलतो," मुलगी म्हणाली.

"शेगडी लावा," मॅडम म्हणाल्या.

पावणेपाचला नमुना पंच्याऐंशीवर आला. मुद्दाम तीच वेळ धरली नव्हती. नवे मिश्रण तोलून, वितळवून काचेवर घ्यायला तेवढा वेळ लागलाच. मुलगी भिंगापाशी बसली आणि काका बाजूच्या स्टुलावर. खोलीत पंख्याची घरघर होती आणि शेगडीच्या आकड्याचा हिरवा उजेड. काकांनी खिशातला फोन काढून टेबलावर उपडा ठेवला.

पहिला अर्धा तास काहीच झाले नाही.

"दोन तास तुम्ही कसली वाट बघत होतात, काका?" मुलीने भिंगातला डोळा न काढता विचारले. समोर बघून तिला ते विचारता आले नसते.

काकांनी तिला घंटीची गोष्ट सांगितली. जास्तीचे काही सांगितले नाही.

"मला माहितीये ती घंटी," मुलगी म्हणाली. "नवीन होते तेव्हा मला वाटायचं, चहाची सुट्टी झाली. मी उठून जायचे."

"चहा साडेपाचचा, पाऊण तास आधीच?"

"मॅडमनी एकदा पकडलं मला जिन्यात."

काका हसले. या खोलीत बऱ्याच दिवसांनी हसले. मग त्यांनी बशांची गोष्टही सांगितली. कोणती डुगडुगायची, कोणती घसरायची, सगळे. मुलगी हसता हसता थांबली. "म्हणजे हे काकूंना आधीच माहीत होतं?"

"तिला केव्हाचं ठाऊक होतं. आम्ही ऐकलं नाही."

सहा वाजायच्या सुमारास मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही बघा. मला काही दिसतंय की डोळे थकलेत?"

काका भिंगापाशी बसले. पिवळट, राखाडी पसाऱ्याच्या एका कडेला नखाएवढा तांबूस डाग होता. तो डोळ्यांचा नव्हता. ते बघत राहिले. डाग इतका सावकाश वाढत होता की वाढताना दिसत नव्हता, नजर काढून परत लावली की मोठा झालेला दिसायचा. त्यातून पंखे उमलत होते. बारीक रेघांचे, तांब्याच्या रंगाचे. तो रंग त्यांनी एकदाच पाहिला होता आणि स्वतःवर विश्वास ठेवला नव्हता.

सहा पंचावन्नला सगळे तांबूस झाले होते. मॅडम येऊन पाठीमागे उभ्या राहिल्या. मुलीने बटण फिरवले.

एकोणनव्वद आले आणि गेले. पंखे जागचे हलले नाहीत. एकशे चार, जिथे पिवळा एकटा मोडायचा. एकशे एकवीस, जिथे पांढरा मोडायचा. "आहे," काका दर थोड्या वेळाने म्हणत होते. "आहे. अजून आहे." एकशे तीस. एकशे चाळीस. मुलीने त्यांचे स्टूल हाताने घट्ट धरले होते. एकशे पन्नासला कडा काळ्या पडायला लागल्या, आणि मग घरातले दिवे एकेक करून घालवावेत तसे पंखे विझत गेले.

"एकशे एक्कावन्न," काका म्हणाले आणि डोळा काढला.

मॅडमनी कोणाला शाबासकी दिली नाही. त्यांनी आलेखाचा कागद ओढला, खोडरबर घेतले आणि ठिपक्याभोवतीचा पेन्सिलीचा गोल खोडला. ठिपका तसाच राहिला. रबराचा चुरा फुंकरीने उडवून त्या म्हणाल्या, "उद्यापासून दहाही ठिपके परत करायचे. प्रत्येक वेळी थांबून. काका, तुमची निवृत्ती दोन महिने पुढे ढकलता येईल का, ते मी वर विचारते. तुम्ही हो म्हणत असाल तर."

"घरी बसून तरी काय करायचं आहे," काका म्हणाले. वाक्य जुनेच होते, पण या वेळी त्यांनी ते हसून म्हटले.

मग त्यांनी जुनी वही उघडली आणि पाच महिन्यांपूर्वीचे पान काढले. जुन्या पानावर काही लिहायचे तर आजची तारीख घालून, सही करून लिहायचे, असा नियम होता. तो नियम त्यांनीच कित्येकांना शिकवला होता, स्वतःला कधी वापरावा लागला नव्हता. त्यांनी तारीख घातली. लिहिले, 'या नमुन्याला ८५ अंशांवर दोन तास दहा मिनिटे थांबलो. रंग तांबूस होता. दोन्ही गोष्टी लिहायच्या राहिल्या.'

शेवटी शेऱ्याचा रकाना होता. थांबला असाल तर का थांबलात, हे तिथे लिहायचे असते, म्हणजे पुढच्या माणसाला कळते. काकांनी पेन थोडा वेळ धरून ठेवला. मग लिहिले, 'फोन आला नाही.' खाली सही केली.

मुलीने ते शेजारून वाचले. आपली वही उघडून, पट्टी धरून, तिने पानावर एक नवी उभी रेघ मारली आणि त्या रकान्याच्या माथ्यावर लिहिले, 'थांबा'.

दारात किल्ल्यांचा आवाज झाला. पहारेकरी दिवे घालवायला आला होता. आज त्याने आत पाऊल टाकले नाही, उंबऱ्यावरूनच विचारले, "निघताय ना, काका?"

काकांनी भिंगावर झाकण घातले.

"निघालो," ते म्हणाले.